जमिनीखाली जाणारी केबल आधी ठरवा, मशीन नंतर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई घरामागे पत्र्याची शेड बांधतायत, मुख्य काम लाकडाचं आणि जोडीला थोडं वेल्डिंग. मीटरपासून शेड साधारण २५ मीटर लांब. मशीन म्हणजे २ एचपीचा टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत), १ एचपीचा डस्ट कलेक्टर, २ एचपीचा कॉम्प्रेसर, ड्रिल मशीन, बेंच ग्राइंडर आणि २०० अँपियरचा इन्व्हर्टर वेल्डिंग सेट. शेड होईपर्यंत टेबल सॉ व्हरांड्यात चालवतायत. तो सुरू करताना दोन-तीन वेळेला एकदा तरी १६ अँपियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायचा, म्हणून वायरमनने तो काढून ३२ चा बसवला आणि तेव्हापासून पडत नाही. आता तोच वायरमन म्हणतो की त्याच पॉइंटवरून २.५ स्क्वेअर एमएमची वायर शेडपर्यंत ओढू, भरपूर झालं. दुसरा म्हणतो थ्री फेज (एकाऐवजी तीन फेजच्या तारांचं कनेक्शन) घेतल्याशिवाय वर्कशॉप करूच नका. आणि पुढच्या आठवड्यात शेडचा कोबा आहे.

तर सगळ्यात आधी तो ३२ चा एमसीबी आजच्या आज काढायला लावा, बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

कारण सांगतो. मोटर सुरू होताना पहिले एक-दोन सेकंद तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट ओढते, ते सगळ्याच साध्या मोटरचं असतं, त्यात तुमच्या मशीनचा दोष नाही. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना १०-११ अँपियर घेते, म्हणजे सुरू होताना ६० च्या आसपास. आता एमसीबीवर आकड्याच्या आधी एक अक्षर छापलेलं असतं ते बघा, बी, सी किंवा डी. बी म्हणजे आकड्याच्या ३ ते ५ पटीला लगेच पडणार, सी म्हणजे ५ ते १० पट, डी म्हणजे १० ते २० पट. घरात बऱ्याचदा बी असतो. १६ चा बी ४८ ते ८० अँपियरच्या मधे कुठेतरी पडतो आणि तुमचा सॉ ६० घेतो, म्हणजे बरोबर त्या काठावर, म्हणून कधी पडायचा कधी नाही. त्याला उपाय होता १६ चाच सी, जो ८० पर्यंत लगेच पडत नाही. अक्षर बदलायचं होतं, वायरमनने आकडा बदलला.

आणि आकडा वाढवला की काय होतं, तर एमसीबी मशीनचं नाही वायरचं रक्षण करायला असतो हेच निघून जातं. भिंतीतल्या पाइपात २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर २०-२४ अँपियर नीट वाहते. ३२ चा एमसीबी ३६ अँपियरला तासभर तरी पडत नाही, आणि ४६ अँपियरला सुद्धा पडायला त्याला तासाभराची मुभा असते. म्हणजे वायर दुप्पट करंटने तापत राहिली तरी वर सगळं शांत. साध्या पीव्हीसी वायरचं इन्सुलेशन ७० डिग्रीपर्यंतचं असतं, त्यापुढे ते मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत होत असल्यामुळे आपल्याला दिसतं ते एकदम शेवटचं.

मी स्वतः हे एक्स्टेंशनच्या रीलवर शिकलो. ३० मीटरची रील होती, त्यातली फक्त पाचेक मीटर वायर सोडली होती, बाकी तशीच गुंडाळलेली, आणि तिच्यावर मोठा ग्राइंडर लावून अर्धा तास घासत बसलो. वास आला तो ग्राइंडरच्या कार्बन ब्रशचा असेल असं वाटलं. थांबून रील उचलायला गेलो तर हाताला चटका बसला, आणि वायर सोडवायला घेतली तर आतले वेढे एकमेकांना चिकटून एकच गोळा झाला होता. प्लग नुसता कोमट होता आणि एमसीबी पडला नव्हता. करंट रेटिंगच्या आतच होता पण गुंडाळलेल्या वायरची उष्णता जायला जागा नव्हती. तेव्हापासून वायरची साइज बघताना किती अँपियर एवढंच बघत नाही, ती कशातून जाणार आणि शेजारी अजून किती वायरी आहेत तेही बघतो. एकाच पाइपात चार सर्किट कोंबली तर प्रत्येकाची क्षमता कमी धरावी लागते.

आता लोडचं. बहुतेक लोक सगळ्या मशीनची बेरीज करतात आणि घाबरतात, तुमच्या दुसऱ्या वायरमनने पण तेच केलंय. तुम्ही शेडमधे एकट्या काम करणार आहात. सॉवर लाकूड कापताना वेल्डिंग करणार नाही, ड्रिल करताना ग्राइंडर धरणार नाही. म्हणून सगळी मिळून किती हे सोडा, एका वेळी जास्तीत जास्त काय काय चालू असू शकतं ते लिहून काढा. लाकूडकाम चालू असेल तेव्हा सॉ ११, डस्ट कलेक्टर ६, लाइट-पंखे १-२. आणि इथे एक गोष्ट सगळेच विसरतात, कॉम्प्रेसर. तो तुम्ही चालू करत नाही, टाकीतला दाब कमी झाला की तो आपला आपण सुरू होतो, आणि होतो तो नेमका सॉ ओढत असतानाच. त्यामुळे तो कायम चालू आहे असंच धरायचं, अजून ११. झाले ३० च्या आत. वेल्डिंगला २०० चा आकडा बघून दचकू नका, तो इलेक्ट्रोडकडे जाणारा करंट आहे, भिंतीतून येणारा नाही. १२० अँपियरवर वेल्डिंग करताना आर्कचे साधारण २५ व्होल्ट धरले तर ३ किलोवॉट, त्यात मशीनचा लॉस आणि पॉवर फॅक्टर मिळवून २३० व्होल्टला २२ अँपियरच्या आसपास. पूर्ण २०० वर नेलात तर मात्र ते ४० च्या घरात जाईल, पण घरगुती कामाला तेवढी जाडी सहसा लागत नाही. तुमच्या सेटच्या नेमप्लेटवर इनपुट करंट वेगळा लिहिलेला असतो, जास्तीत जास्त आणि इफेक्टिव्ह असे दोन आकडे, ते वाचून माझा हिशोब तपासा. वेल्डिंग २२, कॉम्प्रेसर ११, लाइट २, म्हणजे ३५. तर शेडला ४० अँपियरची लाइन पुरते.

हे ४० घरावर चढणार हे मात्र लक्षात घ्या. घरात एसी आणि गीझर चालू असताना वर हे आलं तर मीटरच्या मंजूर लोडच्या बाहेर जाल. वीज कंपनीकडे लोड वाढवायचा अर्ज आत्ताच टाका, शेड झाल्यावर नको, त्याला लागायचा तो वेळ लागतोच. आणि लाइन मीटरच्या पुढच्या मेन बोर्डातून स्वतंत्र निघाली पाहिजे, व्हरांड्याच्या पॉइंटवरून तर अजिबात नाही.

केबलची जाडी. इथे वायरमन लोक फक्त वायर तापेल का एवढं बघतात, पण अंतर असलं की दुसरा प्रश्न येतो, व्होल्टेज पडण्याचा. २.५ च्या तांब्याच्या वायरला किलोमीटरला साधारण साडेसात ओहम रेझिस्टन्स असतो. घरातून फिरून शेडपर्यंत ३० मीटर धरले, जायचे आणि यायचे मिळून ६०, म्हणजे ०.४५ ओहम. सॉ सुरू होताना ६० अँपियर, तर २७ व्होल्ट वाटेतच गेले, मोटरला मिळाले २०३. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे १२ टक्के व्होल्टेज कमी तर जोर जवळपास पाव भाग कमी. मग ती हळूहळू उचलते, नुसती गुरगुरत राहते, जास्त वेळ जास्त करंट ओढते, स्टार्टिंग कपॅसिटर तापतो, आणि एक दिवस कपॅसिटर फुटला की आपण म्हणतो मशीनच हलकं होतं. तेच १० स्क्वेअर एमएमची केबल घातली तर २५ मीटरवर सुरू होताना साडेपाच व्होल्ट पडतात. ४० अँपियर सतत ओढले तरी चारेक व्होल्ट, दोन टक्क्यांच्या आत. म्हणून मी १० च सांगतो, ६ ने कागदावर भागेल कदाचित पण जमिनीत पुरलेली केबल पुन्हा उकरून बदलायची नसते.

सिंगल फेज का थ्री फेज? आज तुमच्याकडे एकही थ्री फेज मशीन नाही, सगळी २ एचपीच्या आतली आहेत, तर आज सिंगल फेजच. थ्री फेजचे फायदे खरे आहेत, त्या मोटरला कपॅसिटर नाही, आतला सेंट्रिफ्युगल स्विच नाही, बिघडायला फारसं काही नाही, आणि ३ एचपीला सिंगल फेजवर १५ अँपियर लागतात तिथे थ्री फेजवर प्रत्येक फेजला पाचाच्या आत भागतं. उद्या तुम्हाला कारखान्यातून निघालेला जुना मोठा प्लेनर मिळाला तर तो थ्री फेजचाच असणार. पण एकट्या एका मशीनसाठी व्हीएफडी नावाचा डबा मिळतो, तो सिंगल फेज घेऊन मोटरला थ्री फेज देतो आणि वर स्पीड कमी-जास्त करता येतो, मोटर मात्र त्या व्होल्टेजला डेल्टात (आतली तीन वाइंडिंग त्रिकोणात) जोडता येणारी हवी. दोन-तीन एचपीपर्यंत तो उत्तम. म्हणून माझं मत असं की कनेक्शन सिंगल फेज ठेवा पण केबल चार कोरची आर्मर्ड (आत चार तारा, वरून धातूचं कवच) टाका आणि अर्थची वेगळी तार. आज दोन कोर वापरा, उरलेल्या दोन कोरची टोकं नीट बंद करून बोर्डात ठेवा. पुढे कधी थ्री फेज घेतलंत तर फक्त बोर्ड बदलेल, चर पुन्हा खणावा लागणार नाही. शेजारी एक रिकामा पाइप दोरी घालून ठेवा, इंटरनेट किंवा कॅमेऱ्याची वायर त्यातून जाईल, ती पॉवर केबलच्या पाइपात घालू नका.

आता अर्थिंग, आणि हे जरा सावकाश वाचा. पुष्कळ वायरमन म्हणतात शेडजवळ एक रॉड ठोकला की झालं. समजा चांगल्या ओल्या जमिनीत रॉडचा रेझिस्टन्स १० ओहम आला. सॉच्या आत फेजची वायर सुटून बॉडीला टेकली, तर जमिनीतून जाणारा करंट २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपियर. तुमचा १६ चा एमसीबी एवढ्याला लवकर पडतच नाही. बॉडीत करंट तसाच, आणि तुम्ही लोखंडी टेबलावर हात टेकून उभ्या. म्हणून आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपियरचा. तो फेजने गेलेला आणि न्यूट्रलने आलेला करंट ताडून बघतो, मधे गळती झाली की सेकंदाच्या छोट्या भागात तोडतो. एमसीबी वायर वाचवतो, शॉकपासून वाचवत नाही. आरसीसीबी माणूस वाचवतो, ओव्हरलोडपासून वाचवत नाही. दोन्ही पाहिजेत, एक आहे म्हणून दुसरा टाळायचा नाही.

सगळ्या शेडला एकच आरसीसीबी मात्र नको, एका ड्रिलच्या गळतीने सगळं बंद. प्रत्येक मोठ्या सर्किटला आरसीबीओ घ्या, दोन्ही एकात येतात. टाइप एसी घेऊ नका, टाइप ए घ्या, कारण वेल्डिंग इन्व्हर्टरसारख्या इलेक्ट्रॉनिक मशीनची गळती साध्याला नीट कळत नाही. व्हीएफडी घेतलात तर त्याच्या पुस्तकात कुठला टाइप सांगितलाय ते बघूनच. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

घराचं अर्थिंग शेडपर्यंत आणायचं का शेडला स्वतंत्र द्यायचं हे तुमच्याकडे सप्लाय कसा येतो त्यावर ठरतं, ते लायसन्सवाल्या माणसाने मीटरने मोजून ठरवावं, अंदाजाने नाही. शेडचा लोखंडी सांगाडा आणि पत्रे अर्थला जोडायला सांगा. आणि शेडच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडू देऊ नका. "दोन्ही जमिनीतच जातात" असं म्हणून पुष्कळजण जोडतात, त्याने न्यूट्रलचा करंट अर्थवरून वाहायला लागतो आणि आरसीसीबी एकतर सारखा पडतो नाहीतर पडायचा तेव्हा पडत नाही. वेल्डिंगचा क्लँप कामाच्या तुकड्यालाच लावा, शेडच्या खांबाला लावलात तर तो शंभर-सव्वाशे अँपियर दुसऱ्या मशीनच्या बारीक अर्थ वायरमधून वाट शोधतो आणि ती जाळतो.

टेबल सॉबद्दल एक सांगतोच. माझ्या पहिल्या सॉला साधा खटका होता. एकदा कापता कापता लाइट गेली, लाकूड पात्यात अडकलं होतं, मी गार्ड वर करून दोन्ही हातांनी ते हलवून काढलं. काढून मागे वळलो, तीन-चार पावलं गेलो असेन, आणि लाइट आली. खटका ऑनच होता. ते पातं मोकळंच गरगर फिरत होतं आणि मी तिथे नुसता बघत उभा राहिलो. त्यानंतर सगळ्यात आधी स्टार्टर बसवला, नो-व्होल्ट रिलीज असलेला. वीज गेली की तो सुटतो, आणि परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. सॉ, ग्राइंडर, ड्रिल, तिन्हीला बसवा. लाल बटण मोठं, गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल अशा उंचीवर, कारण दोन्ही हात लाकडावर असतात. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट ओढत राहिली की बंद करणारा) मोटरच्या नेमप्लेटच्या करंटवर सेट करायला सांगा. आणि पातं बदलताना स्टार्टरवर भरवसा नाही, प्लग काढून नजरेसमोर ठेवायचा.

लाइटचं सर्किट मशीनपासून वेगळं, हे अगदी नक्की. सॉचा एमसीबी पडला आणि त्याच्याबरोबर दिवेही गेले तर पातं अजून फिरतंय आणि तुम्ही अंधारात. एक बॅटरीवाला दिवा दाराजवळ लावा. जुन्या चोकच्या ट्यूब शेडमधे नकोत, ५० हर्ट्झच्या सप्लायवर त्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि पात्याचा किंवा ड्रिलच्या चकचा वेग त्याच्याशी जुळला तर फिरणारी वस्तू थांबल्यासारखी दिसते. चांगल्या ड्रायव्हरचे एलईडी घ्या, आणि झाकणवाले, भुसा आत न जाणारे. बोर्ड आणि स्विच पण धुळीपासून बंद असलेले, आयपी ५४ बघून घ्या. लाकडाचा बारीक भुसा स्विचच्या आत साठतो आणि तिथे प्रत्येक वेळी ठिणगी पडत असते. वेल्डिंगचा कोपरा भुशापासून जेवढा लांब ठेवता येईल तेवढा ठेवा, त्या दिवशी आधी झाडून घ्या, आणि काम झाल्यावर अर्धा तास तरी शेडला कुलूप लावून जाऊ नका, भुशात ठिणगी आत आत धुमसते.

प्लगपॉइंट टेबलाच्या वर, जमिनीपासून सव्वा मीटरवर, म्हणजे भिंतीला प्लायवूड टेकवलं तरी झाकले जात नाहीत. सगळे १६ अँपियरचे. वाटतील त्याच्या दुप्पट काढा, नाहीतर पुन्हा एक्स्टेंशन येणार. कॉम्प्रेसर बाहेर आडोशाला ठेवा, त्याचा स्विच आत दाराजवळ, म्हणजे जाताना बंद होईल.

आणि आता कोबा. टेबल सॉ शेडच्या मधोमध येणार, लांब फळी चारी बाजूंनी फिरायला लागते म्हणून तो भिंतीला लागत नाही. म्हणजे त्याची वायर एकतर जमिनीवरून जाणार आणि तुम्ही फळी ढकलताना तिच्यात पाय अडकणार, किंवा कोब्याखालून. कोबा घालायच्या आधी बोर्डाच्या जागेपासून सॉच्या जागेपर्यंत दीड इंची जाड पाइप टाकून घ्या, वळणं मोठी ठेवा, काटकोनी एल्बो नको, आत नायलॉनची दोरी आणि दोन्ही तोंडं टेपने बंद, नाहीतर काँक्रीट आत जाऊन पाइप फुकट जातो. बाहेरच्या केबलचा चर अडीच फूट खोल ठेवा, तुमच्याकडचा नियम त्याहून जास्त सांगत असेल तर तेवढा. खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा आणि मग सूचनेची पट्टी. बुजवायच्या आधी घराच्या कोपऱ्यापासून टेप लावून चराचे फोटो काढून ठेवा, दहा वर्षांनी झाड लावताना कुठे खणायचं नाही ते त्या फोटोवरून कळेल. वायरमनला चर बुजवण्याआधी केबलचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासायला सांगा, तुमच्यासमोर, आणि आकडा लिहून घ्या. तो म्हणाला गरज नाही, तर दुसरा माणूस बघा, कोबा चार दिवस पुढे गेला तरी चालेल.